पहिलं ‘नको’

...मग डोकं फिरणार नाही तर काय होणार, तुम्हीच सांगा! चहाला बोलावलं होतं हो, चहाला! माझा बॉस नायजेल, मूळचा इंग्लंडचा. त्याची बायको ब्रेंडा, पक्की मिशिगनची. तिथल्याच नोव्हाय गावी त्यांच्या घरी, रविवारी चार वाजता. म्हणून घरचा दुपारचा चहासुद्धा घेतला नाही मी! मला चारला चहा नाही मिळाला की कपाळ असं ठणकतं... एक कप चहा हो, दुसरं मागणं काय माझं?

ब्रेंडाबाई हसत हसत हा एवढा ग्लास घेऊन आल्या. लिंबाची फोड, अर्धा ग्लास बर्फ! “आइस्ड टी, हनी!” बाहेर स्नो पडतोय, आणि ही बाई बर्फ पाजतेय! नायजेल ओरडला, “दॅट इज नॉट टी, ब्रेंडा!” “फाइन!” म्हणाली, कपात नळाचं पाणी घेतलं, मायक्रोवेव्हमध्ये टिंग केलं, वर टी-बॅग सोडली. नायजेल लालबुंद! तरातरा उठला, पाणी खळखळ उकळलं, किटलीत चहाची पानं टाकली, किटलीला लोकरीचं टोपडं घातलं आणि घड्याळ बघत बसला. पाच मिनिटं! इकडे माझं कपाळ!

“ऑल धिस फॉर टी?” ती म्हणाली. तो माझ्याकडे वळला, “यू आर इंडियन. यू टेल हर!” अरे, मी काय सांगू? आमच्याकडे दूध, साखर, आलं घालून चांगला उकळतात, तुम्ही दोघंही चुकताय! पण बॉस आहे ना यार... दोघांकडे बघून नुसती मान डोलावली. एक कप चहा हो, दुसरं मागणं काय माझं?

शेवटी झाला चहा. वाफ काय, रंग काय! नायजेल म्हणाला, “टी?” आणि माझ्या तोंडून निघालं, “नो नो, इट्स ओके!”

अहो, पहिलं ‘नको’ म्हणजे नको असतं का कधी? ते म्हणायचं असतं! मग समोरच्यानं म्हणायचं, “अहो, अर्धा कप तरी!” मग आपण, “बरं, तुम्ही म्हणताय तर...” पण हा म्हणाला, “शुअर?” ह्याला आग्रह म्हणतात? मीही चिडून म्हटलं, “शुअर!” संपलं. माझ्यासमोर दोन कप प्यायला! ब्रेंडा तर म्हणते, “हेल्प युवरसेल्फ!” पाहुण्यानं आपल्या हातानं ओतून घ्यायचा? संताप संताप झाला!

घरी आलो. बायकोनं, शैलजानं, तोंड बघितलं. “चहा टाकू?” सवय हो, तोंडातून गेलं, “राहू दे गं, कशाला त्रास...”

“ओके,” म्हणाली, आणि कॉम्प्युटरवर ऑर्कुट उघडून बसली.

सहा वर्षं झाली ना हो तिला इथे!