नातीच्या पोटावरचे डाम

मी सारंगखेडाकडली, तापीकाठनी. मन्ही माय लेकरांस्ले डाम देये, तिनी माय बी देये. लेकरू धापा टाकाले लागनं, दूध सोडनं, का लोकं त्याले आमना ओटावर लई येत. चुल्हामा विळा लाल करीसन पोटले टेकाडाना, लेकरू किंचाळनं का लोकं म्हनेत, चला, रोग निंघना. काय सांगू तुम्हले, जलम गया मन्हा त्यात.

मन्हा लेक पुरुषोत्तमनगरले साखर कारखानामा कामले शे. त्याले पोर झाली, मन्ही पहिली नात. दूध पितांना दमे, रडनी का व्हट जांभळा पडेत. सून म्हने, आई, दवाखानामा दखाडू. माले राग उना, माले सांगस, जिना ओटावर सारं गाव येस! सून पानीले गयी तवय मी चुल्हा पेटाडा आनि नातले डाम दिधा, एक नही, चार. सून उनी, तिनी देखं, पोर उचलीसन दवाखानाले निंघनी. मी मांगे मांगे.

डाक्टरनी सांगं, हृदयले भोक शे, फुप्फुसाकडली वाट आवळेल शे, छाती उघडीसन ऑपरेशन करनं पडी. मंग त्यास्नी पोट देखं. डाम चिघळेल व्हतात, पू व्हता. म्हने, हाई जखम सुकस नही तवरी ऑपरेशन करता येस नही, कोनी करं हाई? मी म्हनं, मी.

मंग डाक्टरनी सांगं, पोरले रडू देऊ नका, निळी पडनी तं तिना गुडघा तिनाच छातीले लाईसन धरा. ते धरता धरता मी मरी गयू, दादा. गुडघा मुडपा का पोटवरला डाम दबायेत, डाम दबानात का ती रडे, रडनी का परत निळी पडे. मन्हाच हाते जाळेल, मन्हाच हाते दाबानं. भ्या असं, का तिना श्वास थांबना का मन्हा बी थांबे.

आत्ते खपल्या पडन्यात. उद्या गाडी शे, मोठा शहरना दवाखानाले. काल एक बाई तिनं लेकरू लई उनी, म्हने, मावशी, डाम दे ना. मी नातनं झबलं वर करं, म्हनं, देख, आनि दवाखानामा जाय. बाई तशीच फिरनी. सून दारमा हुभी व्हती, इतला दिनमा पहिल्यांदा माले बोलनी, आई, गाडीमा पोरले तुम्हीच धरा, गुडघा तुम्हलेच नीट धरता येतस.

छाती उघडतीन तवय काय व्हई, माले म्हाईत नही. देवा, मन्हं जे आयुष्य ऱ्हायनं ते तिले दे, पन रस्तामा तिले रडू देऊ नको.