माझ्या नावाने गेलेली पत्रे

रेल्वे पोलीस चौकी, भुसावळ. दिनांक १४ फेब्रुवारी १९८८, रविवार. सकाळी ९ वाजून १० मिनिटे.

माझे नाव कुंदाबाई रतिलाल झांबरे, वय ४२ वर्षे, धंदा शेती व घरकाम, शिक्षण सातवी पास, राहणार बोदवड, जिल्हा जळगाव.

समक्ष हजर असून, विचारल्यावरून सांगते की, मी बेपत्ता नाही. मला कोणी फूस लावलेली नाही. आज सकाळी निघताना मी भाकरी करून झाकून ठेवल्या, म्हशीला पाणी दाखवले, शेजारच्या बेबाबाईंना खांडव्याला जाते म्हणून सांगितले आणि साडेसहाच्या पॅसेंजरचे तिकीट काढून बसले. बेपत्ता होणारी बाई एवढे करत नसावी. माझ्या अंगावरचे दागिने माझ्या माहेरचे आहेत.

माझे पती रतिलाल यांना रेडिओचा नाद आहे. गावात तोताराम चौधरी यांच्या शिलाईच्या दुकानात नऊ जणांचा श्रोता संघ आहे. पोस्टकार्डावर गाण्याची फर्माईश लिहून पाठवायची आणि आपली नावे रेडिओवर वाचली गेली की दिवाळी साजरी करायची, एवढेच संघाचे काम. कार्डावर बायांची नावे असली की कार्ड लवकर निवडतात, असे या मंडळींच्या डोक्यात बसले होते. म्हणून प्रत्येकाने आपल्या बायकोचे नाव घातले. माझे सर्वांत वर. अकरा वर्षे दर गुरुवारी दुपारी मी केळीत निंदत असायचे आणि माझे नाव रेडिओवर असायचे. त्यातले एकही गाणे मी मागितलेले नाही. मला कोणी विचारलेही नाही.

आज दुपारी तीन वाजता खांडव्याला रेडिओ श्रोत्यांचे संमेलन आहे. त्याचे पत्र दसऱ्याच्या सुमारास आले. तेव्हापासून चार महिने तोतारामभाऊंच्या दुकानात तयारी चालली. आधी फलकावर अध्यक्षाचे नाव मोठे की चिटणीसाचे, यात महिना गेला. मग टोप्या भगव्या की पांढऱ्या. मग कापूस वेचणी निघाली, दोघे गळाले. एकाच्या साडूच्या घरी लग्न निघाले. एकाने केळीची गाडी भरायची आहे म्हणून सांगितले. भरीत कोणाकडचे न्यायचे यावरून दोन जण आजही बोलत नाहीत. नऊचे चार झाले, चाराचे दोन. आमच्या गावात वरात निघायला एवढा वेळ लागत नाही.

डिसेंबरात खांडव्याहून दुसरे पत्र आले. त्यात लिहिले होते की, कुंदाबाईंचा सत्कार ठेवला आहे, त्यांना अवश्य आणावे. त्या दिवसापासून माझ्या पतींचा उत्साह मावळला. आधी म्हणाले, गाडी सोयीची नाही. मग म्हणाले, खांडव्याला पाणी बाधते. मग म्हणाले, संमेलनच पुढे ढकलले. मला जायची हौस नव्हती, म्हणून मी खोलात गेले नाही. माणूस दोन महिने टोप्या मोजतो आणि अचानक गप्प होतो, याचे मला नवल वाटले, एवढेच.

परवा दिनांक १२ रोजी पती जामनेरला बाजार समितीत गेले होते. संघाची पत्रे नेहमी दुकानावर जातात. त्या दिवशी दुकान बंद, म्हणून पोस्टमनने एक पत्र घरी दिले. वर माझे नाव होते, म्हणून मी फोडले. माझ्या नावाचे पत्र मी फोडू नये असा कायदा असल्यास मला माहीत नाही.

पत्र बऱ्हाणपूरच्या मंजुळाबाई नावाच्या बाईंचे होते. त्या विधवा आहेत. त्यांना मी कधी पाहिलेले नाही. त्यांनी मला 'कुंदाअक्का' लिहिले होते. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली होती. माझे दोन्ही गुडघे ठीक आहेत. मला येता येणार नाही याचे ते कारण माझ्या पतींनी कळवले होते, हे नंतर समजले. पुढे त्यांनी लिहिले होते की, यजमान गेल्यावर घरात दुपार सरत नसे, तेव्हा रेडिओवर तुमचे नाव ऐकून पहिले पत्र टाकले. सहा वर्षे तुम्ही उत्तरे दिलीत. मी घराबाहेर पडत नाही, जावई हसतात, तरी तुमच्यासाठी रविवारी खांडव्याला येत आहे. तिकीट खिडकीजवळ हिरवे लुगडे नेसून उभी राहीन. गुडघे दुखत असले तरी या, तुमच्याशिवाय मी तिथे कोणाला ओळखत नाही.

शेवटी लिहिले होते, 'यंदा आखाजीला झोका सोडू नका. राहू द्या संध्याकाळपर्यंत.'

हे वाक्य मी चार वेळा वाचले. त्याचा अर्थ जमादार साहेबांनी विचारल्यावरून सांगते. आम्हाला एक मुलगी होती. अडीच वर्षांची असताना १९७९ साली गोवराने गेली. त्यानंतर दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावभर पोरी झोके घेतात तेव्हा, मी आमच्या मळ्यातल्या निंबाला झोका बांधते. थोडा हलवते. माणसे शेतातून परतायच्या आत सोडून दोर गोठ्यात टाकते. हे मी कोणाला सांगितलेले नाही. आईलाही नाही. कोणी पाहिले असेल असे मला वाटले नव्हते.

संध्याकाळी पती आल्यावर मी पत्र त्यांच्यासमोर ठेवले. ते ओळखीचे अक्षर पाहून खाली बसले. पत्रांची उत्तरे सहा वर्षे माझ्या नावाने तेच लिहीत होते. मी विचारले, झोका कुठून पाहिला? म्हणाले, गोठ्याच्या मागून. दर वर्षी. मी विचारले, मग मला काहून नाही बोलले? ते उठून बाहेर गेले. मला फार राग आला. माझे नाव घेतले ते घेतले, माझे दुःखही पोस्टात टाकले. आणि ज्या बाईला टाकले तिने ते सहा वर्षे जपले, याचे वाईट वाटले की बरे, ते मला अजून सांगता येत नाही.

काल दिवस तसाच गेला. आज मी निघाले. मंजुळाबाई खिडकीजवळ उभ्या राहतील आणि कोणी येणार नाही, हे मला सहन होण्यासारखे नव्हते. पती तेव्हा केळीला पाणी द्यायला गेले होते. परत आल्यावर मी दिसले नाही म्हणून घाबरून, शेजारी न विचारताच, त्यांनी बोदवडला पोलिसांना कळवले. 'फूस लावून नेले' हे शब्द त्यांचे नाहीत असे ते म्हणतात. तिकडून येथे फोन आला, म्हणून गाडी बदलताना मला फलाटावर थांबवण्यात आले आणि खांडव्याची सकाळची गाडी निघून गेली.

जबाब चालू असताना, दहाच्या सुमारास, पती केळीच्या ट्रकमधून येथे पोहोचले. चपला दोन्ही वेगवेगळ्या होत्या. बाकावर माझ्या शेजारी बसून म्हणाले, "तिले काय सांगशील तू?"

मी म्हटले, "खरं ते. पत्रं आमच्या घरच्यांनी लिहिली म्हणून सांगीन."

ते म्हणाले, "लाज जाईन माही."

मी म्हटले, "जाऊ द्या."

मग ते म्हणाले, "तुह्यासमोर पोरीचं नाव तोंडातून निघे ना. कागदावर निघे. म्हून लिहे."

माझी पतीविरुद्ध किंवा अन्य कोणाविरुद्ध तक्रार नाही. मला कोणाच्या ताब्यात देण्याची गरज नाही. नऊ वर्षे मला वाटत होते की त्या निंबाखाली मी एकटी असते. तसे नव्हते, हे मला परक्या बाईच्या पत्रातून कळावे याचा राग आहे, आणि तो मी खांडव्याहून परत आल्यावर घरी काढीन. पुढची गाडी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आहे. ती दोन अडीचपर्यंत पोहोचते. पतींना यायचे असल्यास त्यांनी यावे. मंजुळाबाईंशी पहिल्यांदा मी बोलेन.

येथवरचे लिहिलेले जमादार साहेबांनी मोठ्याने वाचले व मी ते ऐकले. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. वाचताना त्यांनी मुलीचे नाव लिहायचे राहिले म्हणून विचारले. मी तोंड उघडण्याआधी माझ्या पतींनी बाकावरून उभे राहून, चौकीतल्या सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. ते विजया असे लिहावे.

सही : कुंदाबाई रतिलाल झांबरे