कच्च्या बिया

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे माझ्या मागच्या बाकावर एक आजी-आजोबा नंबरची वाट बघत होते.

"कधी जड ओझं उचललंय का, असं विचारतील. त्या कॉफीच्या डोंगरांचं सांगा."

"चाळीस वर्षं झाली गं त्याला. गुडघ्याच्या काय लक्षात राहणार?"

"माझ्या आहे ना. पाठीवर सॅक, आठ दिवस पायी भटकायचं, आणि तुम्ही पहिल्याच मळ्यात दहा किलो बिया घेतल्यात."

"त्या मळेवालीनं कॉफीच तशी पाजली होती."

"तिची भाजलेली होती. आपण घरी येऊन कच्च्याच उकळल्या."

"तू दोन कप प्यायलीस की."

"तुम्ही समोर बसून तोंडाकडे बघत होतात, काय करणार?"

"पण ओझं निम्मं निम्मं होतं हं. पाच किलो तुझ्याकडे, पाच माझ्याकडे."

"पहिल्या दिवशी. मग रोज सकाळी माझी सॅक थोडी हलकी लागायची."

"सवय झाली असेल तुला."

"मी जागी असायचे हो. तुम्ही पहाटे उठून माझ्या सॅकमधल्या बिया तुमच्या सॅकमध्ये भरायचात. आवाज नको म्हणून ओंजळीनं."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"पडून ऐकायला बरं वाटायचं."

नर्सनं आजोबांचा नंबर पुकारला.

"चला, उठा. ती फाइल द्या इकडे."

"अगं, कागद तर आहेत चार."

"असू देत. द्या."