अकरा लडींची किंमत

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अगं धाकटे, तू! बोल. नाही, निवांत मुळीच नाही. मी दारात उभी आहे आणि समोर तू पाठवलेलं खोकं घेऊन पार्सलवाले उभे आहेत… हो, आलं. आलं म्हणजे उंबऱ्यापर्यंत आलं. उंबरा ओलांडायचे ते पैसे मागताहेत.

…कसले म्हणजे? तेच तर वाचते आहे. अर्ध्या हाताची चिठ्ठी आहे, आणि अक्षर असं की मुंगीनेही चष्मा लावावा…

अगं, ऐक ना आधी! दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देण्याची सवय तुला लहानपणी लागली नाही, ती सातासमुद्रापलीकडे जाऊन लागेल अशी आशा मी सोडलेली आहे.

हो, हो… 'भेटवस्तू' असं लिहिलंस, दिसतंय मला. भेटीवरही कर आहे, बाई. भेट म्हणे ठरावीक रकमेच्या आत असली तरच भेट. त्यापुढे गेली की तो व्यापार. बहिणीने बहिणीवर माया किती करावी, याची मर्यादा कुठल्याशा कचेरीतल्या कारकुनाने आखून दिलेली आहे.

…वाचून दाखवते, थांब. आयात कर. बरं, तो समजू शकते. राज्य चालवायचं तर पैसा लागतो, आणि राज्य कसं चाललंय ते दिसतंच आहे. त्याच्याखाली विक्रीकर. विक्री कोणी केली? तू मला दोरा विकलास?… नाही ना? आणि तोही नुसत्या किमतीवर नाही, किंमत अधिक आयात कर, त्या बेरजेवर. करावर कर! म्हणजे आधी चपराक मारायची आणि मग गाल लाल झाला म्हणून दंड करायचा.

…अगं, हे तर काहीच नाही. पुढे ऐक. 'आगाऊ भरणा शुल्क'… मीही हेच विचारलं. या पार्सल कंपनीने माझा कर माझ्या वतीने परस्पर भरून टाकला, मला न विचारता, आणि त्या परोपकाराची ही फी. रस्त्याने जाताना एखाद्या उपऱ्याने माझ्या डोक्यावर छत्री धरावी, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर हाताचं भाडं मागावं, तसं… तू हसू नकोस. तुझं काय जातंय हसायला.

आणि 'कागदपत्र हाताळणी'. कागद एकच आहे. तोही चुरगळलेला. हाताळलाय मात्र खरा.

…काय?… हो, आहे ना, तेही आहे. गोदामभाडं, दोन दिवसांचं. कारण परवा आले तेव्हा म्हणे घरात कोणी नव्हतं. मी घरात नव्हते! या घराला माझ्याशिवाय श्वास घेता येत नाही, आणि मी घरात नव्हते! घंटासुद्धा वाजवली नसेल मेल्यांनी…

अहो पार्सलवाले, तुम्ही त्या पायरीवर बसा. ऊन लागतंय तुम्हाला… नाही, तुमच्यावर माझा राग नाही, तुमच्या कंपनीवर आहे. परंतु कंपनीला चेहरा नाही आणि तुम्हाला आहे, म्हणून तुम्हाला ऐकून घ्यावं लागतंय. सूनबाई, यांना पाणी दे गं… बरं, मग सरबत दे.

हं, बोल धाकटे… किती म्हणजे? बेरीज सांगत नाही. तुला चक्कर येईल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ऐकला होता. इथे मसाल्याच्या पुडीचंही भाडं लावलंय.

…परत पाठवू? शुद्धीवर आहेस का? आज घेतलं नाही तर संध्याकाळच्या गाडीने खोकं उलट चालू पडेल, आणि तिकडे तू वेळेत सोडवलं नाहीस तर 'नष्ट करण्यात येईल'. असं छापलंय. नष्ट! जसं काही त्यात बॉम्ब आहेत.

अगं, पलंगपोसाच्या तीन बाजूंची लेस झाली आहे. चौथी बाजू उघडी आहे, वीतभर सुरुवात करून थांबलेली. दोरा तुमच्या तिकडच्या कारखान्यातून बंद झाला. हे सगळं तुला फोनवर दहा वेळा सांगून झालंय… तसा दोरा इथे मिळतो, पण त्या घाण्यातला, त्याच खेपेच्या रंगाचा, नाही मिळत. पांढऱ्यात पांढरे चाळीस असतात, बाई. दुकानदार म्हणाला, 'आजी, कोणाला कळणार आहे?' मी म्हटलं, 'मला कळेल. आणि या घरात मला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं.'

…नाही, ते वर्षभराने नाही चालणार… कारण डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक क्रोशाकाम या थंडीपर्यंत. त्यानंतर नाही… अगं, ऑपरेशनने बरं होण्यातलं नाही ते. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, डावा घरकामापुरता राहील… छे, तुला रडायला काय झालं? डोळा माझा आहे. आणि मी त्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, 'थंडी कोणत्या तारखेला संपते?' तर बघतच राहिल्या.

सांगायचा मुद्दा, हा दोरा मला हवा आहे आणि आजच हवा आहे. परंतु लुबाडू मी देणार नाही. या सगळ्या करांचं मूळ आहे तो किमतीचा आकडा. त्याच्यावर टक्के चढतात. तोच तपासते… सूनबाई, भिंग आण माझं. पेटीत, कात्रीखाली… हं. 'पाठवणाऱ्याने घोषित केलेली किंमत'… तुमच्या तिकडच्या चलनात… सहाशे चाळीस.

सहाशे चाळीस?

धाकटे, जुन्या लडीचं वेष्टण माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. त्यावर तुमच्या तिकडच्याच चलनात किंमत छापलेली आहे, सहा. अकरा लडींचे झाले सहासष्ट. महागाई धर, दुकानदाराचा अधाशीपणा धर, शंभर. सव्वाशे! सहाशे चाळीस कुठून आले? बघ, सापडला की नाही चोर? त्या कचेरीत कोणीतरी बसल्या जागी पाचपट केलेली आहे. अहो पार्सलवाले, ऐका. हा आकडा खोटा आहे. मी पैसे भरणार नाही, मी तक्रार करणार… आहे का तसा अर्ज? मग इतका वेळ खिशात का ठेवलात? काढा… काय लागेल सोबत?… मूळ दुकानाचं बिल. उत्तम.

धाकटे, दुकानाचं बिल जपून ठेवलंस ना? त्याचा फोटो काढून पाठव. आत्ता. त्या कचेरीतल्यांना मी आज अशी…

…हॅलो?… काय?… बिल कशाला, म्हणजे?

धाकटे.

थांब. खोक्यावर मूळ फॉर्मही चिकटवलेला आहे, भिंग त्याच्यावर धरते… हा चार. याचं शेपूट खाली असं वळलेलं. हा चार मी ओळखते. या शेपटासाठी तू शाळेत छड्या खाल्ल्या आहेस, आणि घरी मीही दोन दिल्या आहेत.

हे तू लिहिलंस?

…का?

…नीट बोल. पुटपुटू नकोस… मी? मी काय म्हणाले?… कुठली फुलदाणी?… हां, ती. निळ्या काचेची. मी म्हणाले, 'सेलमधली दिसते'?… म्हणाले असेन. दिसत होतीच तशी… सगळ्यांसमोर? जावांसमोर?… अगं, त्याला बावीस वर्षं झाली!… आणि शाल?… आणि तो चहाचा सेट, तोही?… एवढं सगळं पाठ आहे तुला? शाळेत पाढे पाठ झाले नाहीत, पण हे ठेवायला जागा शिल्लक होती म्हणायची.

…म्हणजे मी चिठ्ठी वाचेन, आकडा बघेन, आणि म्हणेन की धाकटीने या खेपेला हात सैल सोडला. असंच ना?… मूर्ख आहेस. कमालीची मूर्ख आहेस. ताई भिंग लावून वाचेल हे तुझ्या ध्यानात आलं, आणि सरकारही वाचेल हे आलं नाही!

…बरं, खरे किती पडले?… खरं सांग… टोपलीतल्या? दुकानाच्या दाराशी टोपली असते, 'उचला आणि न्या'वाली, तिच्यातल्या?… सगळ्या मिळून बारा?

अकरा लडींचे बारा.

…नाही, हसत नाही मी. मी काहीच करत नाहीये… किती दुकानं? परत सांग… एकोणीस? आगगाडीने? तुझे ते गुडघे घेऊन?… आणि हे मला सांगायचं सोडून तू आकडा लिहीत बसलीस.

…एक मिनिट थांब. अहो, बघू तो अर्ज. भिंग… 'पाठवणाऱ्या व्यक्तीने वस्तूची किंमत जाणूनबुजून अथवा निष्काळजीपणे चुकीची लिहिली, हे मला मान्य आहे.' याच्याखाली सही कोणाची?… माझी. आणि तिचं कबुलीपत्र जोडायचं?… आणि पैसे मिळतील परत?… बहुतेक सगळे. सहा आठवड्यांत… आणि तोवर खोकं?… नाही, खोकं आज मिळेल, हे कळलं. हं.

…नाही धाकटे, तू लिहून बिहून काही देणार नाहीस… चूक तुझी आहे हे मला माहीत आहे, त्यात तू नवीन काय सांगतेस?… तू पैसे पाठवणार? खबरदार. अगं, एवढंही कळत नाही? आज हा कागद त्या कचेरीत जाईल, उद्या तिथला कोणी उपटसुंभ मोठ्याने वाचेल, की माझ्या माहेरच्या मुलीने खोटं लिहिलं. आणि त्याच्याखाली माझी सही! आपले दात आणि आपलेच ओठ, बाई. त्यांना चघळायला मी देणार नाही. ते चोर आहेत हे माझं मत कायम आहे, त्यात तसूभर फरक नाही. परंतु चोरांच्या हातात तुझी मान द्यायची, म्हणजे मीच…

जाऊ दे. सूनबाई, माझं पाकीट आण. मोठं… हो, बैठकीच्या गालिच्याचे आहेत त्याच्यात, ठाऊक आहे मला. गालिचा जुना चालेल. पाय काही बघत नाहीत… थोरल्या मुलाला फोन करायचा नाही. या घरात पाकीट उघडायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

घ्या हो, मोजून घ्या. आणि हा अर्ज तुमचा तुम्हाला. कोरा… होय, पूर्ण रक्कम. पावती करा. आकड्यांत नको, अक्षरी लिहा. 'सहाशे चाळीस किमतीच्या मालावरील कर.' माल नको… 'दोरा' लिहा. ठळक लिहा.

…धाकटे, आहेस ना? आता मी बोलते आणि तू ऐकतेस. सहाशे चाळीसवर कर लागला आणि मी तो भरला. सरकारने घेतला, शिक्का मारला. म्हणजे किंमत सहाशे चाळीस. पुढच्या महिन्यात जावा येतील तेव्हा पलंगपोस त्यांच्यासमोर अंथरणार आहे, आणि चौथ्या बाजूला कोणता दोरा आहे, कोणी पाठवला, कितीचा, हे मी सांगणार आहे. मी, सगळ्यांसमोर. झाकली मूठ सव्वा लाखाची. टोपलीचं नाव तू पुन्हा काढायचं नाहीस. माझ्याजवळही नाही.

…आता आणखी काय? रडून झालं असेल तर नाक पूस, फोनमध्ये घरघरतंय… हो… हो गं… बारीक आहे, मऊ असणारच… रंग?… अजून उघडलं कुठे? तू सोडशील तर उघडीन ना!

अहो, इकडे द्या ते. नाही, सूनबाईकडे नाही. माझ्याकडे द्या… सावकाश. तुमच्या कंपनीत फेकाफेकीची पद्धत असेल. सहाशे चाळीसचा ऐवज आहे तो.

धाकटे, ठेवते. खोक्याला दोन्ही हात लागताहेत.