वितीएवढे तुकडे

परळच्या बसथांब्यावर माझ्या पुढे एक आजोबा आणि त्यांची नात बोलत उभी होती.

"तोंड का उतरलंय, आकांक्षा?"

"लॅबमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीचं हाड आलंय. त्यातून डीएनए काही मिळालाच नाही. सर म्हणतात, सोडून दे."

"काहीच नाही?"

"तुकडे लाखो निघाले, पण सगळे आखूड. डीएनएच्या शंभर अक्षरांच्या आतले आम्ही गाळतो. ताज्या रक्ताला तेच माप लावतो."

"आमच्या मिलमध्ये, कापडाच्या घड्या घालायच्या फोल्डिंग खात्यातही वारभराच्या आतला तुकडा बाजूला काढायचे. आम्हा कामगारांना स्वस्तात मिळायचा. तुझ्या बाबाचे शाळेचे सदरे त्याचेच."

"आणि आजीची गोधडी."

"ती नव्हे गो. ती तिच्या आईच्या लुगड्याची. हात लावला की विरायचं. वितीएवढे तुकडे जोडत बसायची. पांघरलं की आईजवळ निजल्यासारखं वाटतं म्हणायची."

"एवढे छोटे तुकडे टाकून नाही दिले?"

"टाकून काय उरलं असतं? इतक्या जुन्या लुगड्यात मोठा तुकडा असतोच कुठे."

"इतक्या जुन्या हाडातही..."

"बस आली. चल."

"तुम्ही चढा, आजोबा. मी लॅबमध्ये परत जाते. गाळलेले तुकडे अजून कॉम्प्युटरवरून पुसले नाहीयेत."