गप्प बसायलाही माणूस लागतं

...आणि आठ दिवस मौन पाळीन असं मी देवाला बोलून बसले, तेव्हा एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, की गप्प बसायला समोर कोणीतरी असावं लागतं! रिकाम्या घरात कसलं मौन? टकल्यानं केस न कापण्याचा नवस बोलावा, तसली गत! पण तेव्हा कुठलं सुचायला? तुम्हाला सांगते, आयुष्यभर मी नवसच बोलत आले. ह्यांच्या बढतीसाठी साखर सोडली, दिरांच्या गुडघ्यासाठी वर्षभर एकवेळ जेवले, गुडघा बरा झाला आणि त्याच गुडघ्यानं जिने चढून ते मला सुनवायला... जाऊ दे. आज सणासुदीचा दिवस.

हो हो, सेक्रेटरीसाहेब, स्वातंत्र्यावरच येतेय, असं घड्याळ दाखवू नका. यांनीच मला धरून उभं केलंय बरं का! सकाळी दार वाजवलं. "वहिनी, प्रमुख पाहुणे वाहतुकीत अडकलेत, ते येईपर्यंत पाच मिनिटं बोला, 'सामान्य गृहिणी आणि स्वातंत्र्य'." मी म्हटलं, अहो, मला काय बोलता येतंय? तर म्हणतात कसे, "तुम्ही काय वहिनी, मोकळ्या!" म्हणजे बाकीच्या बायकांच्या मागे घर आहे, मुलं आहेत, मी आपली मोकळी. म्हणून उभी आहे. तो झेंडाही बघा बिचारा, गुंडाळून दोरीला बांधलेला, पाहुण्यांची वाट बघतोय.

तर नवस. तो माझ्या धाकटीसाठी होता. धाकटी म्हणायचं आपलं, तिच्या मागे-पुढे दुसरं कोणी नाही, पण ह्यांनी पाळण्यातच नाव पाडलं ते पडलं. तिला जमिनीची मोजणी करून नकाशे काढायचं काम येतं. दुसऱ्या गावाला नोकरीचा अर्ज केला होता, आणि दीर फोनवर, "वहिनी, एकट्या मुलीला एवढं स्वातंत्र्य बरं नव्हे. आज खोली घेऊन राहील, उद्या काय करील?" आता मी काय सांगणार उद्या काय करील? मी म्हटलं, भावोजी, उद्या सकाळी उठून डबा भरील आणि कामाला जाईल. फोन ठेवला आणि तशीच देवापुढे जाऊन बसले. म्हटलं, देवा, हिला तिच्या मनासारखं जगू दे. हिची नोकरी लागली, हिला स्वतःची खोली मिळाली, की मी आठ दिवस तोंडातून अक्षर काढणार नाही. माझ्यासाठी याहून कठीण काय होतं सांगा!

आणि दिलं की हो त्यानं! महिनाभरात पत्र, पंधरा दिवसांत खोली. धाकटी दोन बॅगा आणि एक कुंडी घेऊन गेली. मी देवाकडे तिचं स्वातंत्र्य मागितलं होतं, त्यानं तिच्याबरोबर माझंही देऊन टाकलं. न मागता! ह्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरात मी, आणि कुंडीचा मागे राहिलेला गोल डाग. जो तो फोन करून तेच. जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही काय बाई, मोकळ्या! वाटेल तेव्हा उठा, वाटेल तेव्हा झोपा." मी वाटेल तेव्हा उठून बघितलं. साडेपाचच वाटले.

तर दोन महिन्यांनी, तिचं बस्तान बसल्यावर, मौन धरलं. धाकटीला पंधरा दिवस आधीच कळवलं होतं, "आठ दिवस बोलणार नाही, तू फोन केलास तर ऐकेन." ती म्हणाली, "आई, तुझं काहीतरीच!" तयारी तर अशी केली, की विचारू नका. तिची शाळेतली पाटी काढली, पुसली, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मौन आहे. कृपया राग मानू नये.' आणि दाराला बाहेरून टांगली. कोणी बेल वाजवली आणि आपण बोललो नाही तर माणसाला वाईट वाटायला नको! पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी उत्साहानं दार उघडून बघते, तर पाटीवर कोणीतरी कुलपं दुरुस्त करणाऱ्याची जाहिरात चिकटवून गेलेलं. एवढंच.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बसून आठवायला लागले, की मौन धरायच्या आधीच्या आठवड्यात आपण किती बोललो? दूधवाल्याशी नाही, तो पिशवी कडीला अडकवून जातो. दुकानदाराशी नाही, यादी फोनवर टाकते. फक्त लिफ्टमध्ये एकदा मोठ्यानं "तिसरा" म्हटल्याचं आठवलं, आणि तेही लिफ्टमध्ये कोणी नव्हतं, बटणालाच म्हटलं होतं! म्हणजे सात दिवसांत एक शब्द. मग यात त्याग कुठला? देव वरून म्हणत असेल, "अगं, हे तर तू रोजच करतेस. नवसाचं कधी सुरू करणार?"

हसू नका! नवस नीट फेडला नाही आणि तिकडे धाकटीच्या नोकरीला काही झालं तर? दीर टपूनच बसलेले! म्हटलं छे, मौन खरं व्हायला हवं. आणि खरं व्हायचं, तर जिथे बोलायला मिळतं तिथे जाऊन गप्प बसायला हवं. घातल्या चपला, घेतली पाटी, निघाले. माणसं शोधायला, गप्प बसण्यासाठी!

बँकेत जायचंच होतं. पेन्शन चालू राहावी म्हणून आपण जिवंत आहोत असं वर्षातून एकदा जाऊन दाखवावं लागतं ना, ते. रांगेत उभी राहिले. खिडकीत चष्मेवाले साहेब. "नाव?" मी पाटीवर लिहिलं. "पत्ता?" पुसलं, लिहिलं. "अहो, तोंडानं बोला की!" मी मान हलवली. मागून एक आजोबा म्हणाले, "साहेब, ऐकू येत नसेल, जोरात बोला." साहेब काचेला तोंड लावून ओरडले, "बाई! तुम्ही! जिवंत! आहात! का!" सगळी बँक माझ्याकडे बघायला लागली, जणू काही माझं उत्तर ऐकून मगच पुढचे व्यवहार करायचे! मी पाटीवर लिहिलं, 'हो.' साहेब म्हणतात, "लिहून चालत नाही. कोणीही लिहील." मेलेला माणूस पाटी घेऊन रांगेत उभा राहील? पण बोलता येईना! तुम्हाला सांगते, जिभेच्या टोकावर अशी वाक्यं आली होती ना, अशी फर्डी वाक्यं, की ह्यांच्यासमोर तीस वर्षांत सुचली नव्हती. सगळी गिळली. आणि गिळताना इतकं बरं वाटलं! म्हटलं देवा, हे बघ, आता मोज. आता खरं चाललंय.

तेवढ्यात एक मुलगी पुढे आली. गळ्यात ओळखपत्र, बायकांच्या मदत केंद्रातली. माझा हात धरून बाकावर घेऊन गेली, पाणी दिलं, आणि इतक्या हळू आवाजात, "काकू, घाबरू नका. आपण स्वतंत्र देशात राहतो. तुम्हाला गप्प बसवायचा कोणालाही अधिकार नाही. सांगा, घरी कोण बोलू देत नाही? नवरा?"

मी मान हलवली. आणि खरं सांगू का, मला एकदम ह्यांची इतकी आठवण आली. हे रोज संध्याकाळी म्हणायचे, "जरा गप्प बस गं, बातम्या लागल्यात." रोज! मी मनात म्हणायची, कधी एकदा पोटभर बोलायला मिळेल या घरात! आता बातम्या बंद आहेत. ती खुर्ची मोकळी आहे. वाटेल तेवढं बोल म्हणावं! पण आता मला गप्प बस म्हणायलाही...

असो. ती मुलगी विचारतेय, "मग मुलगा? सून? सासू? घाबरू नका, लिहून दाखवा, घरी कोण आहे?" मी पाटी पुसली आणि लिहिलं, 'घरी कोणी नाही.'

तिनं वाचलं. परत वाचलं. तिच्याजवळ एक छापील कागद होता, त्यात रकाने होते, कोण त्रास देतं, किती दिवसांपासून देतं. तिनं पेन उघडलं आणि तसंच धरून बसली. कोणत्या रकान्यात लिहिणार बिचारी? बराच वेळ माझा हात तिच्या हातात होता. शेवटी हसून म्हणाली, "म्हणजे काकू... तुम्ही मोकळ्या!"

हिनंही!

जाताना मला एक पत्रक दिलं, 'निःसंकोच बोला', खाली फोन नंबर. आणि साहेबांनी कंटाळून माझ्या कागदावर शेरा मारला. तुम्हाला खोटं वाटेल, पण तो कागद अजून माझ्याकडे आहे. 'समक्ष हजर. जिवंत. बोलत नाहीत.'

मग काय, चटकच लागली. चौथा, पाचवा, सहावा दिवस, मी रोज बाहेर. दवाखान्यात नंबर न लावता बाकावर बसून राहिले. बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, परत आले. एका बाईनं अख्ख्या प्रवासात मला तिच्या सुनेचं सगळं सांगितलं, आणि उतरताना म्हणते, "तुमच्याशी बोलून फार बरं वाटलं हो!" मी अवाक्षर काढलं नव्हतं!

आणि सातवा दिवस. संध्याकाळ. आता एकच दिवस राहिला, म्हणून मी जपून बसलेली, आणि फोन वाजला. धाकटी! सात दिवसांत पहिल्यांदा. "आई, तू बोलणार नव्हतीस ना, म्हणून केला नाही. आहेस ना? आहेस तर काहीतरी वाजव." माझ्या हाताशी चमचा होता, मी ताटलीवर एकदा वाजवला. मग ती सुटली ती सुटलीच! साहेब कसा आहे, उन्हात मोजणीच्या साखळ्या धरून किती चालावं लागतं, खोलीचा नळ गळतो. मी आपली टण्, टण्. आणि मध्येच तिचा आवाज बदलला. आईला कळतं हो, फोनमधूनही कळतं.

म्हणाली, "आई, पहिला महिना इतकं छान वाटलं. कुठे चाललीस, कधी येणार, विचारणारं कोणी नाही. हवं तेव्हा जेवायचं. आणि आता ना... आता मी सकाळी खोलीला कुलूप लावते, तेव्हा रिकाम्या खोलीकडे बघून मोठ्यानं म्हणते, 'येते गं'. वेडी झालेय का मी?"

आता तुम्ही सांगा. मुलीनं 'येते गं' म्हटलं, तर आईनं काय करावं? चमचा वाजवावा? इकडे देव, तिकडे ती. आणि एकच दिवस राहिलेला हो! एकच! मी डोळे मिटले, तोंड दाबून धरलं, आणि तरी माझ्या तोंडून गेलंच, "ये गं. नीट जा."

पलीकडून एकदम हुंदका, की हसू, काय ते तिलाच ठाऊक. "आई! मोडलंस! एक दिवस राहिला होता ना गं!"

मोडला तर मोडला. मी देवाला सांगितलं, पुन्हा पहिल्यापासून धरते. तो काही बोलला नाही, त्याचंही मौनच असतं. पण धाकटीनं फोन ठेवताना काय म्हणावं? "आई, रागावू नकोस, पण तू गप्प होतीस ना, म्हणून मला बोलता आलं. नाहीतर तू जेवलीस का, दार लावलंस का, सुरूच करतेस. आपण असंच करूया का? मी रविवारी फोन करत जाईन. तू फक्त चमचा वाजव."

घ्या! म्हणजे आता दर रविवारी माझी मुलगी माझ्याशी अर्धा तास बोलते आणि मी ताटली वाजवते. तिचं मन मोकळं होतं, नोकरी छान चाललीय, गेल्या रविवारी तर हसलीसुद्धा. देवानं मोडका नवससुद्धा पदरात घेतला म्हणायचा, त्याची दया मोठी. माझी काही तक्रार नाही. फक्त सोमवार ते शनिवार माझं जे साठतं ना, ते मी कुठे... म्हणून तर सेक्रेटरीसाहेब म्हणाले "पाच मिनिटं", आणि मी केस विंचरून अर्धा तास आधी खाली येऊन उभी राहिले!

कोण आलं? पाहुणे? बसा, बसा, उठू नका, अजून फाटकापाशीच आहेत, गाडी लावायला त्यांना वेळ लागेल. मी आटपतेच. या दिवशी काहीतरी संकल्प करायचा असतो ना, तर माझं ऐका. तुम्हीही नवस बोला. ज्याचं ज्याच्यावर प्रेम आहे, त्याच्यासाठी बोला. आठ दिवस नको, ते माझ्यानंही झालं नाही. 'आठवड्यातली एक संध्याकाळ मी गप्प राहीन', एवढंच बोला. आणि आपल्या घरी नका हो गप्प बसू, घरच्यांना वाटेल रागावलात. माझ्याकडे या. तिसऱ्या मजल्यावर, डावीकडचं दार. येताना काही आणू नका. चहा मी करीन, बोलेनही मीच.

हात वर करा बघू, कोण कोण येणार?... एक, दोन... नाही, तुम्ही दोरी सोडायला हात वर केलात होय. बरं, बरं. आधी झेंडा होऊ द्या.