आक्कांची नऊची बेरीज

च्या गार होऊ दे, आधी ऐक. मी आमच्या दवाखान्यातले कॉम्प्युटर बघतो न्हवं? नेटवर्कमधलं कायबी बदलायचं म्हटलं की माझा पासवर्ड लागायचा आणि सगळी मलाच हाका मारायची. लई वैतागलो. एका सोमवारी सगळ्यांनाच परवानगी देऊन टाकली. तुमचं तुम्ही बदला म्हटलं!

मंगळवारी सकाळीच दवाखान्यातनं फोन. "सर्व्हर बंद पडलाय! पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर हाय आणि रक्ताचा रिपोर्टच दिसंना!"

अनगोळातल्या घरातनं गाडी मारत गेलतो. नर्सनं लॅबमधनं कागदावर रिपोर्ट आणला, म्हणून निभावलं. मग बघतो तर काय, नेटवर्कवर प्रत्येक मशिनीला वेगळा नंबर पायजे, आणि हितं दोन मशिनींना एकच, पंचेचाळीस! एक सर्व्हर, दुसरा नोंदणीच्या आक्कांचा कॉम्प्युटर.

"आक्का, हे काय केलासा?"

"अरं, माझा नंबर चव्वेचाळीस होता. बेरीज आठ, म्हणजे शनी! आम्ही गाडीलासुद्धा आठ घेत न्हाय. म्हणून पंचेचाळीस केला. नऊ."

मी डोक्यालाच हात लावला. तिथंच बसून सगळ्यांची परवानगी काढून घेतली. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. नोकरी गेली, असंच धरून आत गेलो.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

"आक्का म्हणतात ते ऐकलं. माझ्या कॉम्प्युटरचा नंबर किती रं?"

"पस्तीस, सर."

डॉक्टरांनी बोटावर मोजलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बदल की मग! काय बघत उभारलास?"